इटालियनमध्ये ‘आवडतं’ आणि ‘पटतं’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटालियन शिकणाऱ्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत मिलान-तोरिनोला शिकायला निघालेली मुलं असतात, बारामतीच्या पियाजिओत कामाला असलेले अभियंते असतात, आणि सासर किंवा जावई तिकडचा मिळालेलेही असतात. इटालियन शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत, अवतरणचिन्हांत दिले आहेत.

१. ‘मला आवडतं’ हे इटालियनमध्ये कसं म्हणायचं?

‘मी प्याचे’. यातल्या ‘मी’चा अर्थ ‘मला’. मराठी ‘मी’साठी इटालियन शब्द ‘ईओ’ आहे. ‘ती’ म्हणजेही ‘तुला’. पहिले काही दिवस हे दोन शब्द डोक्यात गोंधळ घालतात, मग सवय होते.

बहुतेक पुस्तकं इंग्रजीवरून शिकवतात. त्यामुळे ‘इटालियनमध्ये वाक्य उलटं असतं, आवडणारी वस्तू कर्ता होते’ असं पानभर समजावत बसतात. मराठी माणसाने ते पान सरळ उलटावं. ‘मला समुद्र आवडतो’ या वाक्यात आवडतो कोण? समुद्र. क्रियापद त्याच्यामागे जातं आणि माणसाला ‘ला’ लागतो. ‘मी प्याचे इल मारे’ याची रचना हीच आहे. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला जे महिनाभर छळतं ते आपल्याला आयतं मिळालंय. मात्र हे आयतेपण सगळीकडे टिकत नाही, ते प्रश्न १३ मध्ये येईलच.

२. उच्चार ‘पियासे’ की ‘प्याचे’?

‘प्याचे’. त्यातला ‘च’ चहातला, चमच्यातला नव्हे. अनेकवचन ‘प्याच्चोनो’, आणि तिथे जोर शब्दाच्या पहिल्याच भागावर, ‘प्याच्’वर येतो. ‘प्याच्चोऽनो’ असं मधे ताणलं की ऐकणारा इटालियन क्षणभर थबकतो. जोडाक्षर नीट दाबून म्हणा. इटालियन माणूस एकेरी आणि दुहेरी व्यंजनातला फरक कानाने पकडतो. ‘त’ आणि ‘द’ आपलेच, दातांना जीभ लावून.

३. ‘प्याचे’ कधी आणि ‘प्याच्चोनो’ कधी?

आवडणारी गोष्ट एक असेल तर ‘प्याचे’, अनेक असतील तर ‘प्याच्चोनो’. आंबा आवडतो, आंबे आवडतात, तसंच. दोन एकेकट्या वस्तू ‘आणि’ने जोडल्या तरी त्या अनेकच: ‘मी प्याच्चोनो इल पाने ए इल फोर्माज्जो’, मला ब्रेड आणि चीज आवडतात.

क्रिया आवडत असेल तर मात्र कायम एकवचन, मग क्रिया कितीही असोत. ‘मी प्याचे लेज्जेरे ए व्याज्जारे’, मला वाचायला आणि प्रवास करायला आवडतं. आपणही इथे ‘आवडतं’वरच थांबतो.

वर्तमानकाळात पुल्लिंग-स्त्रीलिंगाची भानगड नाही. आवडतो, आवडते, आवडतं या तिन्हींसाठी एकच ‘प्याचे’. ती भानगड भूतकाळात येते (प्रश्न ८).

४. ‘मी प्याचे ल्यी स्पागेत्ती’ म्हटलं तर सगळे हसले. काय चुकलं?

मराठीत आपण ‘स्पॅगेटी आवडते’ म्हणतो, एकवचनात. इटालियनमध्ये स्पागेत्ती, लाझान्ये, राव्योली, न्योक्की हे सगळे शब्द अनेकवचनी आहेत. म्हणून ‘मी प्याच्चोनो ल्यी स्पागेत्ती’. ‘पास्ता’ आणि ‘पीत्सा’ मात्र एकवचनी.

अशी आणखी ठिकाणं आहेत जिथे दोन्ही भाषांचं गणित जुळत नाही. चष्मा आपल्याकडे एक, तिकडे ‘ओक्क्याली’ अनेकवचनी. मटार आपल्याकडे ‘आवडतो’, तिकडे ‘पिसेल्ली’ आवडतात. उलट आपली द्राक्षं अनेक आणि त्यांची ‘ऊवा’ एकवचनी, म्हणून ‘मी प्याचे लूवा’. फळं म्हणजे ‘फ्रुत्ता’ आणि भाज्या म्हणजे ‘वेर्दूरा’ या अर्थानेही एकवचनच. खाण्यापिण्याचे शब्द पाठ करताना वचनासकट पाठ करा, नंतर दुरुस्त करणं जड जातं.

५. ‘मी प्याचे काफ्फे’ चालतं का?

नाही. ‘मी प्याचे इल काफ्फे’. सर्वसाधारणपणे कॉफी आवडते म्हणतानाही नामाआधी ‘इल, लो, ला, ई, ल्यी, ले’ यांपैकी योग्य ते उपपद (इंग्रजी ‘द’सारखा शब्द) लागतंच. मराठीत उपपद नाही, त्यामुळे आपल्याकडून ते हमखास गळतं. देशांना लागतं (‘मी प्याचे लिताल्या’), गावांना सहसा लागत नाही (‘मी प्याचे रोमा’). क्रियापदाआधी अर्थातच काही नको.

६. तुला, त्याला, तिला, आईला आवडतं हे कसं म्हणायचं?

मला ‘मी’, तुला ‘ती’, त्याला ‘ल्यी’, तिला ‘ले’, आम्हाला-आपल्याला ‘ची’, तुम्हा सगळ्यांना ‘वी’, त्यांना पुन्हा ‘ल्यी’. परक्या किंवा वडीलधाऱ्या एका माणसाला आदराने विचारायचं तर ‘ले प्याचे?’ समोर पुरुष असला तरी ‘ले’च, कारण आदरार्थी ‘लेइ’ व्याकरणाने स्त्रीलिंगी तृतीयपुरुष आहे. दुकानदार, घरमालकीण, प्राध्यापक, मित्राचे आजोबा यांच्याशी बोलताना इथूनच सुरुवात करा. ‘तू म्हण’ असं ते स्वतः सांगतील.

नाव किंवा नातं घ्यायचं असेल तर त्याआधी ‘आ’: ‘आ मार्को प्याचे इल काल्चो’, मार्कोला फुटबॉल आवडतो. ‘आ मिया माद्रे प्याचे कांतारे’, माझ्या आईला गायला आवडतं. आपला ‘ला’ शब्दामागे चिकटतो, त्यांचा ‘आ’ पुढे उभा राहतो. तो विसरलात तर ‘मार्को आवडतो’ असं काहीतरी होऊन बसतं.

जोर द्यायचा असेल किंवा तुलना करायची असेल तर ‘मी’च्या जागी ‘आ मे’, ‘ती’च्या जागी ‘आ ते’: ‘आ मे प्याचे, आ लुइ नो’, मला आवडतं, त्याला नाही. ‘आ मे मी प्याचे’ असं दुहेरी बोलणं रस्त्यावर सर्रास ऐकू येतं, पण इटलीतल्या प्राथमिक शाळेत यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मुलं ओरडा खात आली आहेत. ऐकून समजून घ्या, परीक्षेत लिहू नका.

७. ‘आवडत नाही’ म्हणजे ‘मी दिस्प्याचे’ ना?

नाही, आणि ही चूक महागात पडू शकते. न आवडणं म्हणजे ‘नोन मी प्याचे’. ‘मी दिस्प्याचे’ म्हणजे वाईट वाटतं, माफ करा. यजमानीणबाईंनी वाढलेल्या पदार्थाकडे बोट दाखवून ‘मी दिस्प्याचे’ म्हटलंत तर त्या ‘काय झालं?’ म्हणून काळजीत पडतील.

त्याहून मजेदार म्हणजे ‘नोन मी दिस्प्याचे’. दोन नकार जोडून झालेला हा होकार आहे: बरंय की, आवडलं मला. काही इटालियन माणसांकडून एवढी पावती मिळाली तरी खूप. आणि ‘ले दिस्प्याचे से आप्रो ला फिनेस्त्रा?’ म्हणजे खिडकी उघडली तर चालेल ना. याला हरकत नसल्याचं उत्तर ‘नो, प्रेगो’ असं येतं. गाडीत हा ‘नो’ ऐकून खिडकी बंद ठेवू नका.

आवडीच्या पायऱ्या उतरत्या क्रमाने अशा: ‘मी प्याचे मोल्तीस्सिमो’, ‘मोल्तो’ किंवा ‘तांतो’, ‘आब्बास्तांत्सा’ (बऱ्यापैकी), ‘नोन मी प्याचे तांतो’ (फारसं नाही), ‘नोन मी प्याचे पेर न्येंते’ (मुळीच नाही). वेड असेल तर ‘वादो मात्तो पेर इल चोक्कोलातो’, बाई बोलत असेल तर ‘मात्ता’. ‘मी फा स्कीफो’ म्हणजे किळस येते. मित्रांत चालतं, दुसऱ्याच्या ताटावर नाही. तिथे ‘नोन मी फा इंपात्सीरे’, म्हणजे मी काही त्याच्यामागे वेडा होत नाही, एवढं पुरे.

८. ‘आवडलं’ कसं म्हणायचं? ‘ओ प्याचूतो’ बरोबर आहे का?

‘ओ’ नाही, ‘ए’. प्याचेरे (‘प्याचे’चं मूळ रूप) हे क्रियापद भूतकाळात ‘एस्सेरे’ म्हणजे ‘असणे’ला धरून चालतं, ‘आवेरे’ म्हणजे ‘जवळ असणे’ला नाही. आणि इथे मराठी पुन्हा मदतीला येते, कारण आवडलेल्या वस्तूचं लिंग-वचन क्रियापद घेतं:

चित्रपट आवडला: ‘मी ए प्याचूतो इल फिल्म’.
पीत्सा आवडला: ‘मी ए प्याचूता ला पीत्सा’.
स्पागेत्ती आवडले: ‘मी सोनो प्याचूती ल्यी स्पागेत्ती’.
लाझान्ये आवडल्या: ‘मी सोनो प्याचूते ले लाझान्ये’.

मराठीतला पिझ्झा पुल्लिंगी आणि त्यांची पीत्सा स्त्रीलिंगी, एवढं सांभाळा. बोलणारा पुरुष आहे की बाई, याचा इथे काहीही संबंध नाही. ‘मी बाई आहे म्हणून प्याचूता’ हा समज डोक्यातून काढून टाका.

‘लहानपणी आवडायचं’ या अर्थाने ‘दा बांबीनो मी प्याचेवा’, बाईने म्हणताना ‘दा बांबीना’. आवडला आणि आवडायचा यांतला फरक तुम्हाला कळतो, म्हणजे इटालियनमधल्या या दोन भूतकाळांतला निम्मा फरक कळलाच.

९. दुकानात शर्ट दाखवून ‘मी ए प्याचूता’ म्हटलं, तर विक्रेतीने तो परत घडी करून ठेवला. का?

आपण मराठीत समोर असलेल्या वस्तूबद्दलही ‘मला हा आवडला’ असं भूतकाळात म्हणतो. ताटात वाढलेलं अजून संपलेलं नसतं तोच ‘आवडलं का?’ विचारतो. इटालियनला हा भूतकाळ खरोखरचा भूतकाळ वाटतो, म्हणजे अनुभव घेऊन संपला. विक्रेतीने ऐकलं ते असं की आवडला होता, पण विषय संपला. समोर असलेल्या वस्तूला वर्तमानकाळ वापरा: ‘मी प्याचे क्वेस्ता कामीचा’.

जेवताना यजमान ‘ती प्याचे?’ विचारतील, जेवण उरकल्यावर ‘ती ए प्याचूतो?’ आणि खाताना दाद द्यायची तर ‘मी प्याचे’पेक्षा ‘के ब्वोनो!’ जास्त ओठांवर येतं. आपण ‘मला भाजी आवडते आहे’ म्हणत नाही, ‘झक्कास झालीय’ म्हणतो, तसंच.

१०. ‘मला यायला आवडेल’ याला ‘मी प्याचेरा’ म्हणू का?

‘मी प्याचेरा’ हा भविष्यकाळ आहे: मला ते पुढे आवडेल, असं भाकीत. इच्छा सांगायची असेल तर ‘मी प्याचेरेब्बे वेनीरे’.

पण निमंत्रण स्वीकारायला हे वाक्य कच्चं आहे. ‘मी प्याचेरेब्बे’ ऐकल्यावर इटालियन माणूस पुढच्या ‘मा’ची, म्हणजे ‘पण’ची वाट पाहतो. यायचंच असेल तर ‘वोलेंत्येरी!’ म्हणा, आनंदाने येतो. ‘कोन प्याचेरे’ जरा औपचारिक. तरुण मंडळींत ‘ची स्तो!’, आपण आहोत बुवा.

११. माणूस आवडतो हे कसं सांगायचं?

जपून. ‘मी प्याची’ (तू मला आवडतोस, आवडतेस) यात आकर्षणाचा रंग आहे. वर्गातल्या मुलाबद्दल सहज ‘मी प्याचे लूका’ म्हटलंत तर तासाभरात बातमी लूकापर्यंत पोचेल. स्वभावाने आवडत असेल तर ‘लूका मी स्ता सिंपातिको’, मुलीबद्दल ‘सिंपातिका’. याचा सहानुभूतीशी संबंध नाही. उलट बाजूला ‘मी स्ता आंतिपातिको’. लेखक, गायक, खेळाडू यांच्याबद्दल त्यांच्या कामामुळे बोलत असाल तर ‘मी प्याचे’ बिनधोक.

प्रेमासाठी दोन वाक्यं आहेत. ‘ती आमो’ जोडीदाराला. ‘ती वोल्यो बेने’ आईवडील, मुलं, भावंडं, जिवलग मित्र सगळ्यांना, आणि जोडीदारालाही. आपल्या घरांत यातलं कुठलंच वाक्य फारसं उच्चारलं जात नाही. पण इटालियन सासूने फोन ठेवताना ‘ती वोल्यो बेने’ म्हटलं तर ‘आंकीओ’ एवढं तरी परत करा. आणि ते ‘आंके आ मे’ का नाही, ते पुढच्या उत्तरात पाहा.

१२. ‘मलाही’ आणि ‘मलाही नाही’ कसं म्हणायचं? ‘आंकीओ’ सगळीकडे चालत नाही का?

नाही चालत. सगळ्यांत जास्त पत्रं या एका प्रश्नावर येतात.

आधी बोलणाऱ्याने ‘मी प्याचे’सारखं ‘मला’चं वाक्य वापरलं असेल तर तुमचं उत्तरही ‘मला’चंच हवं. ‘मी प्याचे इल जाज्ज’ असं कोणी म्हणालं आणि तुम्हालाही आवडत असेल तर ‘आंके आ मे’. तुम्हाला आवडत नसेल तर ‘आ मे नो’. तो ‘नोन मी प्याचे’ म्हणाला आणि तुमचंही तेच, तर ‘नेआंके आ मे’. त्याला नाही पण तुम्हाला आवडतं, तर ‘आ मे सी’.

त्याच्या वाक्याचा कर्ता ‘ईओ’ असेल तर उत्तर ‘मी’चं. ‘आदोरो इल जाज्ज’ (मी जॅझवर फिदा आहे) याला ‘आंकीओ’ किंवा ‘ईओ नो’. ‘नोन बेवो वीनो’ (मी वाइन पीत नाही) याला ‘नेआंकीओ’ किंवा ‘ईओ सी’. सासूचं ‘ती वोल्यो बेने’ याच गटातलं. तिथला ‘ती’ म्हणजे तुला, पण कर्ता तीच.

मराठीत ‘मलाही’ आणि ‘मीही’ वेगळे आहेत, म्हणून कान आपोआप बरोबर जातो. इंग्रजी माध्यमातून शिकलेले आपलेच लोक मात्र सगळ्याला ‘आंकीओ’ ठोकून देतात. ‘नेआंके’ऐवजी ‘नेम्मेनो’ किंवा ‘नेप्पूरे’ चालतं, अर्थ तोच. रोम आणि दक्षिणेकडे ‘आंके’च्या जागी ‘पूरे आ मे’ ऐकू येईल.

‘आंके आ मे नो’ अशी भेसळ करू नका. नकारात सामील व्हायचं तर ‘नेआंके’च.

१३. म्हणजे मराठीत ‘मलाही’ आलं की ‘आंके आ मे’, एवढं लक्षात ठेवलं तर पुरे?

नाही पुरत. मराठीला ‘मला’ फार प्रिय आहे: मला भूक लागते, थंडी वाजते, माहीत असतं, जायचं असतं, हवं असतं, आठवतं, पटतं. इटालियनमध्ये यांतली बरीच वाक्यं ‘मी’ची आहेत.

‘ओ फामे’ (शब्दशः माझ्याकडे भूक आहे) याला उत्तर ‘आंकीओ’. ‘ओ फ्रेद्दो’ला ‘आंकीओ’. ‘देवो आंदारे’ (मला जायला हवं) याला ‘आंकीओ’. ‘वोल्यो उन जेलातो’ (मला आइस्क्रीम हवं) याला ‘आंकीओ’. ‘लो सो’ (मला माहीत आहे) याला ‘आंकीओ’. मराठी कान इथे ‘मलाही’ म्हणून ‘आंके आ मे’ पुढे सरकवतो आणि फसतो.

‘मला’चा मान दोन्ही भाषांत टिकलेली क्रियापदं वेगळी पाठ करावीत: ‘मी सेंब्रा’ आणि ‘मी पारे’ (मला वाटतं), ‘मी सेर्वे’ (मला लागतं, गरज आहे), ‘मी इंतेरेस्सा’ (मला रस आहे), ‘मी मांका’ (मला त्याची उणीव भासते), ‘मी वा’ (मला आत्ता हवंसं वाटतंय). या सगळ्यांना ‘आंके आ मे’. शेवटचं फार कामाचं आहे. ‘ती वा उन काफ्फे?’ म्हणजे कॉफी घेऊ या का.

तोंडात ‘मलाही’ येण्याआधी समोरच्याचं क्रियापद ऐका, स्वतःचं मराठी भाषांतर नको.

१४. ‘तुला आवडत नाही का?’ असं विचारलं तर ‘हो’ म्हणू की ‘नाही’?

मराठीत ‘हो, नाही आवडत’ म्हणता येतं, कारण आपण प्रश्नकर्त्याच्या अंदाजाला दुजोरा देतो. इटालियनमध्ये ‘सी’ आणि ‘नो’ वस्तुस्थितीला लागतात. ‘नोन ती प्याचे?’ या प्रश्नाला आवडत नसेल तर ‘नो, नोन मी प्याचे’, आवडत असेल तर ‘सी, मी प्याचे’. नुसतं ‘सी’ म्हटलंत तर पुढची वाढणी ताटात पडलीच. जोरात खोडून काढायचं असेल तर ‘चेर्तो के मी प्याचे!’

१५. ‘मला पटतं’, ‘मी सहमत आहे’ याला काय म्हणायचं?

‘सोनो दाक्कोर्दो’. कर्ता ‘मी’, म्हणून दुजोरा ‘आंकीओ’ (प्रश्न १३). माणसाशी सहमत असाल तर ‘कोन ते’, आदराने ‘कोन लेइ’. मुद्द्यावर सहमत असाल तर ‘सू क्वेस्तो’. ‘दाक्कोर्दो’ लिंगवचनाने बदलत नाही: ‘स्यामो दाक्कोर्दो’, आमचं एकमत आहे.

एकटं ‘दाक्कोर्दो!’ म्हणजे ठीक आहे, ठरलं. आपल्या ‘चालेल’च्या जवळचं ‘वा बेने’, आणि ‘मला चालेल’ म्हणजे ‘पेर मे वा बेने’.

आपलं ‘पटणं’ दुहेरी आहे, मत पटतं आणि माणसाशीही पटतं. इटालियनमध्ये दाक्कोर्दो दोन्हीकडे, फक्त क्रियापद बदलतं. ‘सोनो दाक्कोर्दो कोन मिया स्वोचेरा’ म्हणजे सासूचं म्हणणं मला पटतं. ‘वादो दाक्कोर्दो कोन मिया स्वोचेरा’ म्हणजे माझं सासूशी पटतं. एक वाक्य खरं असून दुसरं खोटं असू शकतं, हे सांगायला नकोच.

१६. ‘तुझं बरोबर आहे’ याला ‘सेइ जुस्तो’ म्हणावं का?

नाही. ‘आइ राजोने’, शब्दशः तुझ्याकडे तर्क आहे. आदराने ‘आ राजोने’. चूक असेल तर ‘आइ तोर्तो’, पण ते तोंडावर म्हणणं कडक होतं. ‘जुस्तो’ वस्तूला किंवा विधानाला लागतं. नुसतं ‘जुस्तो!’ म्हणजे बरोबर बोललास.

१७. ‘सी’शिवाय होकाराचे शब्द कोणते? ‘इंफात्ती’, ‘मागारी’ यांनी गोंधळ होतो.

आधी ‘सी’. मध्ययुगात होकाराच्या शब्दावरून भाषा ओळखत: ही ‘सी’ची भाषा, दक्षिण फ्रान्सची ‘ओक’ची, उत्तरेची ‘ओइल’ची. फ्रान्समधल्या लांगदॉक प्रांताच्या नावात तो ‘ओक’ अजून आहे. लिहिताना ‘सी’च्या स्वरावर आघातचिन्ह द्या, त्याविना तो वेगळाच शब्द होतो.

‘चेर्तो’ म्हणजे अर्थात. ‘एझात्तो’ म्हणजे अगदी बरोबर. ‘जा’ म्हणजे हो ना, जरा सुस्कारा टाकत. आवडलं का विचारल्यावर ‘एक्कोमे!’ म्हणजे विचारता काय.

‘इंफात्ती’ इंग्रजीच्या वळणाने ‘खरं तर तसं नाही’ अशा अर्थी वापरतात, ते चूक. तो पूर्ण दुजोरा आहे: तेच तर म्हणतोय मी. विरोधी ‘खरं तर’साठी ‘इन रेआल्ता’.

‘मागारी’ वाक्याच्या मधे आलं तर ‘कदाचित’. उत्तरात एकटं, उद्गारासारखं आलं तर ‘तसं झालं तर सोन्याहून पिवळं!’ ‘उन्हाळ्यात सिसिलीला जाणार?’ ‘मागारी!’ यात इच्छा भरपूर, पण तिकीट काढलेलं नाही.

‘कोमे नो!’ दिसायला नकार, अर्थ ‘का नाही, जरूर’. सूर तिरका असेल तर मात्र ‘हो हो, झालंच!’ असा टोमणा.

१८. ‘मला वाटतं’ म्हणताना क्रियापद बिघडतं. सोपा मार्ग आहे का?

‘पेन्सो के’ आणि ‘मी सेंब्रा के’ यांच्या पुढे संभावनार्थी रूप (मत, शंका, आशा यांसाठीचं क्रियापदाचं वेगळं रूप) लागतं: ‘पेन्सो के सीआ जुस्तो’. ते पक्कं होईपर्यंत ‘सेकोंदो मे’ (माझ्या मते) वापरा, पुढे साधं रूप चालतं: ‘सेकोंदो मे ए जुस्तो’. दोन्ही एकत्र नकोत, ‘सेकोंदो मे पेन्सो’ म्हणजे माझ्या मते मला वाटतं.

थोडक्यात उत्तर द्यायचं तर ‘पेन्सो दि सी’, ‘क्रेदो दि नो’. त्यातला ‘दि’ गाळू नका. भेटवस्तू देताना लागणारं एक वाक्य मात्र पाठच करा: ‘स्पेरो के ती प्याच्चा’, तुला आवडेल अशी आशा आहे. वस्तू अनेक असतील तर ‘प्याच्चानो’.

१९. असहमती सभ्यपणे कशी दाखवायची?

‘नोन सोनो दाक्कोर्दो’ म्हणणं उद्धट नाही. इटालियन जेवणाच्या टेबलावर वाद हा करमणुकीचाच भाग असतो. तरी मऊ हवं असेल तर ‘नोन सोनो देल तूत्तो दाक्कोर्दो’ (पूर्णपणे नाही), ‘सी, पेरो…’ (हो, पण), ‘सेकोंदो मे इंवेचे…’ (माझ्या मते उलट). आपल्या ‘काही पटत नाही बुवा’च्या सगळ्यात जवळ ‘नोन मी कोंविंचे’. ‘माक्के!’ म्हणजे छे! हे ओळखीत.

२०. मान हलवून ‘हो’ म्हटलं तर कळतं का?

खालीवर मान म्हणजे हो, आडवी म्हणजे नाही, इथवर जुळतं. आपली दोन्ही खांद्यांकडे डुलणारी, ‘ठीक आहे, चालेल’वाली मान त्यांना नकार किंवा टाळाटाळ वाटते. सोबत तोंडाने ‘सी’ म्हणा. सिसिली, कालाब्रिया, नापोली या भागांत मान किंचित वर झटकून जिभेने ‘च्’ केलं की तो स्पष्ट नकार असतो. आपल्या ‘च्’च्या हळहळीशी गल्लत नको. गालावर तर्जनी टेकवून फिरवली तर जेवण उत्तम झालंय.

२१. परीक्षेला यातलं किती लागतं?

सिएनाची चिल्स, पेरुजाची चेली, दांते अलिघिएरी संस्थेची प्लीदा, कुठलीही घ्या. वर्तमानातलं ‘प्याचे’ आणि ‘आंके आ मे’ ए-१ला (ही सगळ्यांत खालची पातळी, मग ए-२, मग बी-१), भूतकाळ ए-२ला, ‘प्याचेरेब्बे’ त्याच्या आसपास, ‘प्याच्चा’ बी-१पासून. २०१८च्या अखेरीपासून विवाह किंवा वास्तव्याच्या आधारे नागरिकत्व मागणाऱ्यांना बी-१ पातळी दाखवावी लागते, तेव्हा लग्न करून गेलेल्यांनी प्रश्न १८ टाळू नये.

२२. ‘मी क्यामो’ला ‘आंके आ मे’ का नाही? त्यातही ‘मी’ आहेच की.

कारण प्रत्येक ‘मी’ म्हणजे आवडीतला ‘मला’ नसतो. ‘मी क्यामो आन्ना’ (माझं नाव आन्ना) यातला ‘मी’ स्वतःकडे वळणारा आहे, कर्ता ‘ईओ’च. म्हणून ‘आंकीओ’. ‘मी आल्त्सो आल्ले सेइ’ (मी सहाला उठते), ‘मी रिकोर्दो’ (मला आठवतं) यांनाही ‘आंकीओ’. ‘रिकोर्दो’ या ‘ओ’कारान्त रूपावरून ओळखा की क्रियापद ‘मी’चं आहे.

तिसरा प्रकार त्याहून फसवा. ‘मी आन्नो इंवितातो’ (त्यांनी मला बोलावलं) यात ‘मला’ हे सरळ कर्म आहे, त्यामुळे ‘आ’ गळतो आणि उत्तर नुसतं ‘आंके मे’. ‘क्वेस्ता कोझा मी प्रेओक्कूपा’ (या गोष्टीची मला काळजी वाटते) यालाही ‘आंके मे’, नकारात ‘नेआंके मे’. प्रश्न १९ मधलं ‘नोन मी कोंविंचे’ याच जातीचं. बोलताना इटालियन लोकही इथे ‘नेआंके आ मे’ म्हणून जातात, म्हणून कान याला भरवशाचा नाही. हे क्रियापद ‘कोणाला’च्या आधी ‘आ’ घेतं की नाही, ते शब्दकोशात पाहून ठेवा.

२३. ‘नेआंके आ मे प्याचे’ की ‘नेआंके आ मे नोन प्याचे’?

‘नेआंके’ क्रियापदाच्या आधी आलं तर ‘नोन’ नको: ‘नेआंके आ मे प्याचे’. मागे आलं तर ‘नोन’ हवं: ‘नोन प्याचे नेआंके आ मे’. ‘कोणालाच आवडत नाही’ याचंही तसंच: ‘नोन प्याचे आ नेस्सूनो’, किंवा ‘आ नेस्सूनो प्याचे’.